नवव्या देवळाची पानं

हिरवा अंगरखा घातलेला एक माणूस गुडघे टेकून बसला आहे. डोक्यावर टोपी. चेहऱ्याची ठेवण चिनी नाही, उइगुरही नाही, आणि डोळे हिरवट. त्याच्या शेजारी त्याच्यासारखेच आणखी काही जण, हात जोडलेले. समोर बुद्ध उभे आहेत, इतके उंच की या माणसांची डोकी त्यांच्या कमरेपर्यंतही पोचत नाहीत. सगळ्या चित्रावर तांबड्या रंगाची ऊब आहे.

हे चित्र मी संगणकावर मोठं करून पाहतो, तेव्हा खरं तर एका पुस्तकाचं पान पाहत असतो. मूळ चित्र मध्य आशियातल्या एका देवळाच्या भिंतीवर होतं. १९०५ साली ते तिथून निघालं आणि बर्लिनमधल्या एका भिंतीवर बसवलं गेलं. आज ते कुठल्याच भिंतीवर नाही. उरलं आहे ते १९१३ साली बर्लिनमध्ये छापलेल्या 'खोचो' नावाच्या भल्यामोठ्या चित्रग्रंथातलं पान. भित्तिचित्रांच्या छापील प्रतिकृतींचे ग्रंथ जर्मनीत खूप निघाले, पण मुळाची जागा घ्यायची वेळ ज्यांच्यावर आली असे थोडेच. 'खोचो' त्यांतला एक. त्याच्या साक्षीवर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचं, हे एकदा नीट तपासावं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

जागा

तुर्फानचं खोरं आजच्या शिनजियांगमध्ये आहे. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. उन्हाळा भाजून काढणारा, पाऊस जवळजवळ नाहीच. रेशीम मार्गाची उत्तरेकडची वाट इथून जायची. नवव्या शतकात तुर्की भाषा बोलणाऱ्या उइगुर लोकांनी इथे राज्य उभं केलं. त्याची राजधानी खोचो, म्हणजे चिनी लोकांचं गाओचांग. राजधानीच्या उत्तरेला तांबड्या डोंगरांची रांग आहे आणि त्या रांगेतून मुर्तुक नदी घळ कापत येते. घळीच्या कडेला एका सपाट टप्प्यावर, काही खडकात कोरलेली आणि काही कच्च्या विटांनी बांधलेली अशी देवळं आहेत. त्या जागेचं नाव बेझेक्लिक.

या देवळांना जर्मन अभ्यासकांनी दिलेल्या क्रमांकांत आपल्या चित्राचं देऊळ नववं. आज तीच गुहा विसावी म्हणून ओळखली जाते. जुनं पुस्तक आणि नवा नकाशा शेजारी ठेवून वाचणारा इथे हमखास गोंधळतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नवव्या देवळात मधोमध गाभारा आणि त्याच्या भोवती अरुंद बोळ, म्हणजे आपल्या भाषेत प्रदक्षिणेचा मार्ग. त्या बोळाच्या भिंतींवर पंधरा मोठी चित्रं होती, प्रत्येक तीन मीटरहून उंच. प्रत्येक चित्रात मधोमध एक बुद्ध. ते शाक्यमुनी नव्हेत, त्यांच्या आधी होऊन गेलेल्या बुद्धांपैकी एक. त्यांच्या पायाशी कधी राजा, कधी ब्राह्मण, कधी व्यापारी. हा जो वाकलेला किंवा काही अर्पण करणारा माणूस आहे, तोच पुढच्या जन्मांत शाक्यमुनी होणार. तो संकल्प करतो की मीही एक दिवस बुद्ध होईन, आणि समोरचे बुद्ध त्याला तसं भविष्य सांगतात. या संकल्पाला संस्कृतात प्रणिधी म्हणतात, म्हणून ही प्रणिधी-चित्रं. दीपंकर बुद्धांची कथा पुष्कळांना ठाऊक असते. त्यांचे पाय चिखलात पडू नयेत म्हणून एक तरुण आपले केस जमिनीवर पसरतो. हे सगळे प्रसंग त्याच जातीचे.

प्रत्येक चित्राच्या वरच्या पट्टीत ब्राह्मी लिपीत संस्कृत श्लोक होते. चित्रं बर्लिनला आल्यावर तिथले संस्कृतज्ञ हाइनरिख ल्यूडर्स यांनी ते वाचले आणि ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९१३ साली, आपलं वाचन प्रसिद्ध केलं. हे ल्यूडर्स म्हणजे तुर्फान मोहिमांनी आणलेल्या चिंध्या झालेल्या ताडपत्रांतून अश्वघोषाच्या नाटकांचे तुकडे ओळखणारे विद्वान. चीनच्या पश्चिमेकडे, उइगुर राजाच्या आश्रयाने, भारतीय लिपीत संस्कृत श्लोक, आणि त्याखाली व्यापाऱ्यांचे उंट. मराठी वाचकाने या ग्रंथाकडे वळावं याला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

भिंत कशी निघाली

जर्मनांच्या तुर्फानकडे चार मोहिमा झाल्या. पहिली १९०२-०३ मध्ये, बर्लिनच्या संग्रहालयातले अभ्यासक आल्बर्ट ग्रुनवेडेल यांच्या नेतृत्वाखाली. तिला क्रुप, जेम्स सायमन अशा धनिकांचे पैसे होते. दुसरी १९०४-०५ मध्ये निघाली तेव्हा प्रशियाच्या राजाचा हात मागे होता, म्हणून 'खोचो'च्या मुखपृष्ठावर ती 'पहिली रॉयल प्रशियन मोहीम' ठरते. या मोहिमेत माणसं दोनच. एक आल्बर्ट फॉन ल कॉक, दारूच्या व्यापारातल्या घराण्याचे वारस, चाळिशी गाठल्यावर अभ्यासाकडे वळलेले. दुसरे थिओडोर बार्टुस, पूर्वी खलाशी असलेले, संग्रहालयाचे कारागीर.

नववं देऊळ ल कॉक यांना सापडलं तेव्हा वाळूने गच्च भरलेलं होतं. वाळू घसरली तशी भिंत उघडी पडत गेली. चित्रं इतकी ताजी दिसली की जणू चित्रकार नुकताच कुंचला ठेवून गेला आहे, असं ते लिहून गेले आहेत. वाळूनेच ती जपली होती.

भिंत कशी होती हे समजल्याशिवाय पुढचं समजत नाही. माती, त्यात उंटाचं शेण, बारीक कापलेलं काड आणि झाडांचे धागे. हा गिलावा गुळगुळीत करून त्यावर पांढऱ्या चुनखडीसारखा पातळ लेप, आणि त्या कोरड्या लेपावर रंग. आपल्या अजिंठ्याच्या गिलाव्याशी याचं नातं आहे. तिथेही मातीत साळीचं तूस आणि काडीकचरा आहे, आणि वरचा थर पातळ आहे. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची इटलीतली पद्धत यांतल्या कुठल्याच ठिकाणी नाही. म्हणून हा थर भिंतीपासून सोलून काढता येतो, आणि म्हणूनच तो काढला गेला.

काढण्याची रीत ल कॉक यांनी स्वतः बारकाईने सांगितली आहे. आधी धारदार सुरीने चित्राभोवती, रंग, लेप आणि मातीचा थर एकदम कापला जाईल अशी रेघ मारायची. पेटीत मावेल एवढाच तुकडा. रेघ सरळ ठेवायची नाही, चेहरा किंवा महत्त्वाचा भाग आडवा आला तर वळवून किंवा कोन करून पुढे न्यायची. मग तुकड्याच्या बाजूला कुदळीने भिंतीत भोक पाडायचं, करवत आत घालायला जागा व्हावी म्हणून. खडकाची भिंत असेल तर छिन्नी-हातोडा. गिलावा कमकुवत असेल तर नमद्याने, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाने, मढवलेली फळी चित्राला दाबून माणसांनी धरून ठेवायची आणि मागून करवत चालवायची. तुकडा सुटला की फळी अलगद पुढे झुकवायची. बांधणीसाठी खाली मोठी फळी, तिच्यावर सुक्या बोरूचे आडवे-उभे दोन थर, मग नमदा, मग कापूस, आणि कापसावर चित्र पालथं. त्यावर पुन्हा कापूस, पुन्हा चित्र. अशी चळत, वर फळी, कडेने पेंढा, आणि सगळं दोरखंडाने आवळून. वीस महिन्यांच्या प्रवासानंतर ही चित्रं बर्लिनला धडपणे पोचली.

ही कारागिरी वाचताना मला दरवेळी दोन गोष्टी एकदम जाणवतात. हात कुशल होते आणि काम चुकीचं होतं. हे मी आजच्या शहाणपणाने म्हणत नाही. ग्रुनवेडेल तेव्हाच हे म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की देवळं मोजा, नकाशे काढा, चित्रांच्या रेषा पारदर्शक कागदावर उतरवा, पण भिंत जागेवर ठेवा. चित्र देवळात कुठे आहे यावरच त्याचा अर्थ ठरतो, आणि तुकडा सुटला की तो अर्थ सुटतो. ल कॉक यांचं उत्तर तयार होतं. गावातले शेतकरी रंगवलेला गिलावा खरवडून शेतात खत म्हणून घालतात. मूर्तिपूजा न मानणाऱ्यांनी चेहऱ्यांचे डोळे-तोंड खरडले आहेत. मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाच्या पोथ्या पाच गाड्या भरून एकाने नदीत टाकल्याचं तिथल्या शेतकऱ्याने आपल्याला सांगितलं, असंही ते लिहितात. या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष एकच होता असं नाही. ग्रुनवेडेल १९०५ च्या डिसेंबरात काशगरला पोचले, तोवर नवव्या देवळाच्या भिंती पेट्यांत गेल्या होत्या.

ग्रंथ

'खोचो' १९१३ साली डीट्रिख रायमर या प्रकाशनाने छापला. खर्च बेस्लर इन्स्टिट्यूटच्या निधीतून. पंच्याहत्तर प्लेट्स, काही रंगीत, काही एकरंगी, आणि प्रत्येक प्लेटला ल कॉक यांनी लिहिलेलं वर्णन. वस्तू कुठे सापडली, माप काय, कोणता रंग कुठे, माणसांचे कपडे कसे. उपशीर्षकात 'फॅक्सिमिली' हा शब्द मुद्दाम आहे. म्हणजे दावा असा की हे वर्णन नव्हे, जशीच्या तशी प्रत आहे.

या दाव्यामागे बर्लिनच्याच छापखान्यांची पाऊणशे वर्षांहून अधिक मेहनत होती. विल्हेल्म त्सान या वास्तुकाराने ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई, हर्क्युलेनियम आणि स्टाबिया या प्राचीन रोमन गावांतल्या भित्तिचित्रांचा चित्रग्रंथ १८२८ ते १८५९ या काळात तीन मालिकांत बर्लिनहून काढला. त्यातले रंगीत छाप शिळाछापाचे, म्हणजे लिथोग्राफीचे, आणि रंगीत शिळाछापाच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी ते एक मानलं जातं. त्सान पॉम्पेईहून परतताना १८२७ मध्ये वायमारला महाकवी गोएथेंना भेटले होते. गोएथेंनी ती चित्रं कौतुकाने पाहिली आणि पुढे या ग्रंथावर लेखही लिहिला. त्सानचा ग्रंथ गेओर्ग रायमर यांच्या प्रकाशनाने सुरू केला होता, आणि डीट्रिख हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे पॉम्पेईच्या भिंती आणि तुर्फानच्या भिंती कागदावर आणणाऱ्या प्रकाशनांचं मूळ घराणं एकच.

दोन ग्रंथांमध्ये तंत्राचा मात्र मोठा फरक आहे, आणि साक्ष म्हणून तोच महत्त्वाचा. शिळाछापात चित्र आधी माणसाच्या डोळ्यांतून जातं. कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड हाताने तयार करतो. आपल्याकडे हे ओळखीचं आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये आधी घाटकोपरला आणि पुढे मळवलीला चालला तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या जोरावर, आणि पुढे त्यांच्यातल्याच फ्रिट्झ श्लायशर यांनी तो विकत घेतला. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चेहऱ्यावर जो गुळगुळीत उजेड आहे तो दगडावर काम करणाऱ्या हाताचा आहे. त्सानच्या पॉम्पेईतही तसंच. भिंतीवरचे तडे त्याच्या छापांत फार कमी दिसतात, कारण त्याला तडे दाखवायचेच नव्हते. त्याला नक्षी हवी होती, घरं रंगवणाऱ्यांना आणि शिल्पशाळांना नमुना म्हणून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्रहालयांच्या अशा ग्रंथांसाठी जर्मनीत लिख्टड्रुक म्हणजे कोलोटाइप ही पद्धत रुळली होती. जाड काचेवर जिलेटिनचा थर देतात, त्यात उजेडाला प्रतिसाद देणारं क्रोमियमचं क्षार. त्यावर निगेटिव्ह ठेवून उजेड पाडला की जिथे उजेड जास्त तिथे जिलेटिन टणक होतं, जिथे कमी तिथे मऊ राहतं. मग थर ओला करायचा. मऊ भाग पाणी पितो आणि तेलकट शाई झिडकारतो, टणक भाग शाई धरतो. छाप भिंगाखाली धरला तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसत नाहीत. अगदी बारीक सुरकुत्यांचं पोत दिसतं आणि सावली अखंड उतरते. जिलेटिन लवकर झिजतं, त्यामुळे एका काचेवरून प्रती मोजक्याच निघतात, आणि असे ग्रंथ महाग आणि दुर्मिळ होतात. पण इथे मधला हात कमी झाला आहे. कॅमेऱ्याने भिंत पाहिली, तडे आणि ओरखड्यांसकट.

बॉम्ब

बर्लिनच्या मानववंश संग्रहालयात तुर्फानची चित्रं मांडली गेली. लहान तुकडे हलवता येण्याजोगे राहिले. प्रणिधी-चित्रं मात्र तीन मीटरहून उंच, अनेक तुकडे जोडून पुन्हा उभी केलेली. ती दालनाच्या भिंतींवर कायमची पक्की बसवली होती. मूळच्या जागी होती तशी भव्य दिसावीत हा त्यामागचा हेतू.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जे हलवता आलं ते हलवलं गेलं. काही विमानविरोधी बुरुजांत, काही मिठाच्या खाणींत. भिंतीत रुतलेली मोठी चित्रं मागे राहिली. नोव्हेंबर १९४३ पासून जानेवारी १९४५ पर्यंत संग्रहालयाच्या इमारतीवर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले आणि सर्वांत मोठ्या चित्रांपैकी २८ नष्ट झाली. नवव्या देवळाची प्रणिधी-मालिका त्यांत गेली. बुरुजात ठेवलेल्या काही वस्तू सोव्हिएत सैन्याने नेल्या आणि त्यांतली काही भित्तिचित्रं पुढे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये दिसू लागली. २००२ साली बर्लिनच्या संग्रहालयाने आपल्या गमावलेल्या वस्तूंची मोठी सूची छापली. ती उलगडताना जुन्या ग्रंथातल्या प्लेट्सचा संदर्भ सतत लागतो.

मुक्काम टिकाऊ व्हावा म्हणून ज्या रीतीने बसवली, त्याच रीतीने ती अडकून पडली. ल कॉक हे बघायला नव्हते, ते १९३० साली वारले. ग्रुनवेडेल १९३५ मध्ये, बार्टुस १९४१ मध्ये. भिंत जागेवर ठेवा म्हणणारा आणि ती कापणारा, दोघेही निकाल लागण्याआधी गेले.

साक्ष तपासताना

आता प्लेट हीच मूळ वस्तू झाली. मग तिच्याकडून काय मागायचं?

रंगापासून सुरुवात करतो, कारण पहिला प्रश्न तिथेच येतो. तांबडा खरंच इतका तांबडा होता का? हिरव्या अंगरख्याचा हिरवा भिंतीवर कसा होता? नष्ट झालेल्या चित्राशी प्लेट ताडता येत नाही. पण याच ग्रंथात नवव्या देवळातल्याच काही अशा चित्रांच्या प्लेट्स आहेत जी युद्धातून वाचली. त्यांत हातात फुलं घेऊन उभे असलेले उइगुर राजपुत्र आहेत. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरममध्ये आहेत. त्यांची प्लेट आणि ते स्वतः शेजारी ठेवून पाहिलं तर छापखाना कोणत्या रंगाला कुठे ओढतो याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज हरवलेल्या चित्रांना लावता येतो. एकाच देवळातले, एकाच कारागिरांचे, एकाच ग्रंथातले, म्हणून ही तुलना धरून चालते. याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. संगणकावरच्या प्रतीला पुन्हा स्वतःचा रंग असतो, त्यामुळे रंगाबद्दल काही म्हणायचं तर कागदावरची प्लेटच हवी.

दुसरी गोष्ट जोडरेषांची. प्लेट मोठी करून पाहिली की चित्रभर सांधे दिसतात, बार्टुसच्या करवतीच्या वाटा. सुरुवातीला त्या डोळ्यांना खुपतात. मला त्या आता ग्रंथाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतात. त्सानने त्या पुसल्या असत्या. इथे त्या आहेत, त्यामुळे कोणता भाग मूळ गिलाव्याचा आणि कुठे तुकडे जुळवताना मधला भाग गेला हे वाचता येतं.

तिसरी गोष्ट प्लेट सांगूच शकत नाही. बोळ अरुंद होता आणि चित्र तीन मीटर उंच. पूर्ण चित्र समोरून एका नजरेत पाहायला मागे सरकायला जागाच नव्हती. प्रदक्षिणा घालणाऱ्याला दिव्याच्या उजेडात आधी बुद्धांचे पाय दिसत असतील, मग बाजूचा गुडघे टेकलेला माणूस, मग मान वर केल्यावर श्लोकाची पट्टी. पुढची दोन पावलं टाकली की पुढचा जन्म. पंधरा चित्रं म्हणजे चालत वाचायची पंधरा जन्मांची पोथी होती. ग्रंथात प्रत्येक चित्र सपाट, समोरून, सगळं एकदम. नवव्या देवळातल्या एकाही भक्ताने ते असं पाहिलेलं नाही.

ही उणीव भरायला ग्रुनवेडेल यांचाच आधार घ्यावा लागतो. त्यांचा तुर्फान आणि कुचा परिसरातल्या देवळांवरचा ग्रंथ १९१२ साली, 'खोचो'च्या एक वर्ष आधी, बर्लिनहूनच निघाला. त्यात रंगीत झगमगाट नाही. देवळांचे आराखडे आहेत, कोणत्या भिंतीवर कोणतं चित्र याच्या नोंदी आहेत आणि रेखाटनांचा ढीग आहे. त्यांनी कागदावर उतरवलेल्या रेषा आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. माझं मत असं की 'खोचो' एकटा वाचू नये. ल कॉक यांच्याकडून चित्राचा पृष्ठभाग घ्यावा आणि ग्रुनवेडेल यांच्याकडून चित्राची जागा. ज्या दोघांचं पटलं नाही त्यांची पुस्तकं एकमेकांवाचून अपुरी आहेत.

आणि चौथी गोष्ट, प्लेटखालच्या मजकुराची. हिरव्या अंगरख्याच्या माणसाला ल कॉक 'पर्शियन' म्हणतात. नाकडोळे आणि डोळ्यांचा रंग पाहून त्यांनी तसं ठरवलं आणि टोपीची तुलना प्राचीन इराणच्या सासानी घराण्यातल्या राजपुत्रांच्या शिरोभूषणाशी केली. पुढच्या अभ्यासकांनी या देवळातली असली माणसं सोग्दियन व्यापारी असल्याचं मांडलं, समरकंदच्या बाजूचे, रेशीम मार्गावर शतकानुशतकं व्यापार करणारे. 'फॅक्सिमिली' हा शब्द चित्राला लागू होता, मजकुराला नव्हे. कॅमेरा तटस्थ होता, लिहिणारा त्याच्या काळाचा होता. पण त्यांचं मत खोडायला लागणारा पुरावा त्यांनीच इतका स्वच्छ छापून ठेवला आहे, की त्याबद्दल मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

अजिंठा, उलट्या बाजूने

हे प्रकरण वाचताना मराठी माणसाला अजिंठा आठवणारच. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून मोठ्या कॅनव्हासवर प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही शंभरावर १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. उरलेल्या आणि आधी नोंदलेल्या सामग्रीतून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. दोनदा प्रती जळाल्या, आणि दोन्ही वेळा अजिंठ्याची भिंत जागेवर होती.

भिंत जागेवर होती म्हणून तिच्याकडे पुन्हा जाता आलं. मात्र प्रती करण्याची किंमत भिंतीनेही मोजली. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून त्यावर वॉर्निश चढवलं गेलं, ते पिवळं-तपकिरी पडलं, आणि निझामाच्या राज्यात १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावून दुरुस्ती करायची वेळ आली. म्हणजे जागेवर ठेवलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. पण बेझेक्लिकच्या नवव्या देवळात आज गेलं तर भिंतीवर कापल्याच्या खुणा दिसतात, आणि त्या खुणांना विचारण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

बेझेक्लिकच्या भिंतींचे तुकडे बर्लिनपुरते नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या सेवेतले पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी १९१४-१५ च्या सुमारास तिथून कापलेली भित्तिचित्रं दिल्लीला आली आणि आज राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. रशियन, जपानी मोहिमांनीही आपापला वाटा उचलला. क्योटोच्या रियुकोकु विद्यापीठाच्या संग्रहालयात बेझेक्लिकच्या पंधराव्या गुहेतला प्रणिधी-चित्रांचा बोळ पूर्ण आकारात पुन्हा उभा केला आहे. वेगवेगळ्या देशांत विखुरलेले तुकडे आणि जुनी छायाचित्रं जुळवून. त्या बोळातून माणूस चालू शकतो, चित्र सपाट राहत नाही. 'खोचो'च्या प्लेट्सना जे जमलं नाही ते तिथे जमलं आहे.

'खोचो' ग्रंथ स्वतः आता पाहायला कठीण नाही. तोक्योच्या तोयो बुंको या ग्रंथालयातली प्रत जपानच्या डिजिटल सिल्क रोड प्रकल्पाने पानोपान स्कॅन करून सर्वांना खुली केली आहे. दिल्लीत राहणाऱ्या किंवा दिल्लीला जाणाऱ्या मराठी वाचकाला माझी सूचना एवढीच, की आधी ही पानं घरी मोठी करून पाहावीत आणि मग राष्ट्रीय संग्रहालयात स्टाइनच्या तुकड्यांसमोर उभं राहावं. गिलाव्याच्या तुटक्या कडेला काडाचे तुकडे बाहेर डोकावताना दिसले की हिरव्या अंगरख्याचा माणूस कसल्या भिंतीवर बसला होता हे डोळ्यांना कळतं.